हिमनगांवरची राखण: तिचा खर्च कोणी, किती आणि कोणत्या हिशेबाने द्यायचा?

तळेगावला मर्चंट नेव्हीचे शिक्षण पूर्ण करून काही महिन्यांत पहिल्या जहाजावर रुजू होणाऱ्या एका पुणेकर विद्यार्थ्याने मला तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर नजर ठेवण्याचे काम अमेरिकेचे तटरक्षक दल करते आणि त्याचा खर्च सतरा देश वाटून घेतात, असे त्याच्या वाचनात आले. त्याचा पहिला प्रश्न, हा वाटा नेमका कशावरून ठरतो? दुसरा, फायदा जहाजमालकाचा होत असताना पैसे सरकारांनी का द्यायचे? तिसरा, त्या सतरा देशांत भारत नाही, मग भारतीय जहाजाला किंवा परदेशी जहाजावरच्या भारतीय खलाशाला ही सेवा हक्काने मिळते का? प्रश्न चांगले आहेत, आणि एकाचे उत्तर दिले की दुसरा आपोआप पुढे येतो, म्हणून मी तिन्ही एकत्र घेतो. मी तीस वर्षे समुद्रावर काढली, त्यांतली शेवटची बारा कॅप्टन म्हणून. त्यानंतर एका जहाज व्यवस्थापन कंपनीत जहाजांच्या फेऱ्यांचे आणि खर्चाचे नियोजन पाहिले. त्यामुळे हा विषय मला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, माहीत आहे तसाच हिशेबाच्या टेबलावरूनही.

आधी ही सेवा काय करते ते सांगतो, कारण खर्चाचे स्वरूप त्यातूनच कळते. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हिमनद्यांचे तुटलेले कडे बॅफिन उपसागरात फिरत राहतात आणि लॅब्राडोरच्या थंड प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे सरकतात. हा प्रवास बहुधा एक ते तीन वर्षांचा असतो. त्यांतले जे टिकतात ते वसंत ऋतूत न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रापर्यंत पोहोचतात. नेमके तेथेच युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधले जहाजांचे जवळचे मार्ग जातात, आणि लॅब्राडोरचे थंड पाणी गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्याला भिडत असल्याने धुकेही तेथेच सर्वांत दाट पडते. इंटरनॅशनल आइस पेट्रोल म्हणजे हिमगस्त या पट्ट्यावर लक्ष ठेवते. लांब पल्ल्याची सी-१३० विमाने, उपग्रहांची रडारचित्रे आणि जहाजांकडून आलेले संदेश एकत्र करून, वारा आणि प्रवाह यांच्या गणितावरून प्रत्येक हिमनग आज कोठे असेल याचा अंदाज बांधला जातो. त्यावरून नकाशावर एक रेषा काढली जाते, हिमनगांची हद्द. हंगामात ही हद्द रोज प्रसारित होते. त्या रेषेच्या बाहेर राहिलात तर हिमनग भेटण्याची शक्यता फार कमी, आत शिरलात तर जबाबदारी तुमची.

ही रेषा जहाजावर काय किमतीची असते ते एका प्रसंगातून सांगतो. एप्रिल १९९४ मध्ये मी एका मोठ्या बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, सेकंड मेट या हुद्द्याचा अधिकारी होतो. क्यूबेकमधल्या सेत-ईल बंदरात लोहखनिज भरून आम्ही रॉटरडॅमला निघालो होतो. हंगाम हिमनगांनी भरलेला होता. फॅक्स यंत्रातून आलेला करड्या कागदावरचा नकाशा मी चार्टच्या टेबलावर पसरला, हद्दीचे एकेक टोक अक्षांश-रेखांशांवरून पेन्सिलीने आमच्या चार्टवर उतरवले, आणि कॅप्टनने काही न बोलता मार्ग दक्षिणेकडे ओढला. वळसा शंभर मैलांहून अधिक होता. हद्दीला वळसा घालण्यासाठी खाली उतरत असताना माझ्या दुपारच्या वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत, धुके आले. इंजिनरूमला फोन करून समुद्राच्या पाण्याचे तापमान विचारले तर दोन अंशांच्या खाली होते, म्हणजे आम्ही लॅब्राडोरच्या प्रवाहात होतो. रडार स्वच्छ दिसत होते. लाटांमुळे मध्यभागी नेहमीसारखे ठिपके होते, एवढेच. धुके थोडे विरले तेव्हा उजव्या बाजूला अर्ध्या मैलाच्या आत पाण्यावर मिनीबसएवढा एक काळपट, गुळगुळीत बर्फाचा तुकडा डुलत होता. रडारवर तो आला नव्हता, आणि दिसल्यानंतरही लाटांच्या ठिपक्यांत तो मला वेगळा काढता आला नाही. बर्फ रडारच्या लहरी लोखंडासारख्या परतवत नाही, आणि जो तुकडा वर मिनीबसएवढा दिसतो त्याच्या सातआठपट बर्फ पाण्याखाली असतो. आमचा वेग आधीच कमी केलेला होता, कारण हद्दीची रेषा आम्हाला ठाऊक होती.

त्या जहाजाच्या मागच्या बाजूला बंदर म्हणून पनामा लिहिले होते. मालक जपानी होता, अधिकारी आणि खलाशी भारतीय होते, विमा वेगळ्या देशातला आणि खनिज जर्मनीतल्या पोलाद कारखान्यांसाठी. त्या दुपारी हिमगस्तीचा फायदा नेमका कोणाला झाला? पनामाला, जपानला, जर्मनीला, विमा कंपनीला की आम्हा बावीस जणांच्या घरच्यांना? खर्चवाटपाचा सगळा प्रश्न येथेच अडतो, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तो वेगवेगळ्या प्रकारे सोडवला गेला आहे.

सुरुवात अर्थातच टायटॅनिकपासून झाली. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे ती बुडाली आणि सुमारे १,५०० माणसे गेली. उरलेल्या हंगामात अमेरिकी नौदलाच्या बर्मिंगहॅम आणि चेस्टर या क्रूझरांनी गस्त घातली. १९१३ मध्ये नौदलाला जहाजे देणे जमेना, तेव्हा रेव्हेन्यू कटर सर्व्हिसच्या सेनेका आणि मायामी या जहाजांनी ते काम घेतले. पुढे हीच सर्व्हिस तटरक्षक दलात विलीन झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनला समुद्रावरील जीवितसुरक्षेची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि २० जानेवारी १९१४ रोजी करारावर सह्या झाल्या. गस्त अमेरिकेने चालवावी आणि खर्च तेरा देशांनी वाटून घ्यावा, असे त्यात ठरले. करार अमलात येण्याची वाट न पाहता अमेरिकेने ७ फेब्रुवारी १९१४ रोजी काम हाती घेतलेसुद्धा. महायुद्धामुळे तो करार संपूर्णपणे कधी लागू झालाच नाही, पण गस्त टिकली. कराराच्या आधी काम आणि हिशेबाच्या आधी खर्च, हा क्रम पुढेही कायम राहिला, आणि या विषयात तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९१४ चे वाटे पाहण्यासारखे आहेत. ब्रिटन ३० टक्के, अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनी प्रत्येकी १५, इटली, बेल्जियम आणि नेदरलँड्स प्रत्येकी ४, नॉर्वे ३, आणि ऑस्ट्रिया-हंगेरी, कॅनडा, डेन्मार्क, रशिया, स्वीडन प्रत्येकी २. हे आकडे कोणत्याही सूत्रातून निघालेले नव्हते. कोणाची किती जहाजे त्या मार्गावर धावतात याचा ढोबळ अंदाज आणि मोठ्या सत्तांची प्रतिष्ठा, या दोन्ही गोष्टी सांभाळून टेबलावर बसून ते ठरवलेले होते.

याआधी या प्रकारची एक लहानशी व्यवस्था होती. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी, मोरोक्कोच्या किनाऱ्यावर केप स्पार्टेल येथे दीपगृह आहे. त्याच्या देखभालीसाठी १८६५ मध्ये युरोपातील सत्ता आणि अमेरिका यांनी मोरोक्कोबरोबर करार केला आणि खर्च सारखा वाटून घेतला. बेल्जियमनेही तेवढाच द्यायचा आणि ब्रिटननेही तेवढाच. दीपगृहाचा खर्च लहान होता म्हणून ते चालून गेले. महासागरातल्या गस्तीला जहाजे, कोळसा आणि महिनोन्‌महिने समुद्रावर राहणारी माणसे लागत होती, तेथे समान वाटा टिकला नसता.

मात्र ठरवून दिलेल्या टक्केवारीचा दोष लवकरच उघडा पडला. १९२९ मध्ये लंडनला दुसरा करार झाला तोपर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी नावाचा देश नकाशावरून गेलेला होता, म्हणजे दोन टक्के देणाराच उरला नव्हता. रशियाच्या जागी सोव्हिएत संघ आला आणि त्याच्याकडे १ टक्का आला. जर्मनीचा वाटा १५ वरून १० झाला, फ्रान्सचा १५ वरून ६, ब्रिटनचा ३० वरून ४०, अमेरिकेचा १५ वरून १८. जपान आणि स्पेन प्रत्येकी १ टक्का घेऊन नव्याने आत आले. या बदलांत महायुद्धाने कोणाची जहाजे गेली आणि कोणाची वाढली याचा इतिहास वाचता येतो. पण जहाजे दर वर्षी कमीजास्त होतात आणि करार बदलायला पंधरा वर्षे लागतात, हे काही चालण्यासारखे नव्हते. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर, ४ जानेवारी १९५६ रोजी वॉशिंग्टनला झालेल्या आर्थिक साहाय्याच्या करारात, वाटा त्या पट्ट्यातून जाणाऱ्या जहाजांच्या टनेजशी, म्हणजे त्यांच्या आकारमानाच्या अंकाशी, बांधला गेला. पुढे हेच तत्त्व अधिक काटेकोर करून सोलास या समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या कराराच्या पाचव्या प्रकरणात आणि त्याच्या परिशिष्टात घातले गेले. ते १ जुलै २००२ पासून लागू आहे.

आता पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर. समजा, मागील तीन हंगामांत या पट्ट्यातून जाणाऱ्या सर्व जहाजांच्या एकूण टनेजची वार्षिक सरासरी १०० एकक आहे आणि त्यांत ध्वजानुसार एका देशाची १२ एकके आहेत. अमेरिका आणि कॅनडा यांना गस्तीसाठी मागील तीन वर्षांत प्रत्यक्ष आलेल्या खर्चाची वार्षिक सरासरी काढायची, आणि त्या देशाने तिचे १२ टक्के द्यायचे. हंगाम १५ फेब्रुवारी ते १ जुलै असा धरलेला आहे. दर वर्षी गुणोत्तर नव्याने काढतात आणि रक्कम एकरकमी सांगितली जाते. तीन वर्षांची सरासरी घेण्यामागे साधा विचार आहे. एखाद्या वर्षी मंदीमुळे जहाजे घटली किंवा एखाद्या वर्षी विमानाचा खर्च उसळला, तरी सदस्य देशाच्या अंदाजपत्रकाला एकदम हादरा बसत नाही.

हे सूत्र वाचताना बहुतेकांच्या नजरेतून एक शब्द सुटतो. भागाकार ‘सर्व जहाजांच्या’ टनेजने करायचा आहे, पैसे देणाऱ्या देशांच्या जहाजांच्या टनेजने नव्हे. वरच्या उदाहरणात १०० एककांपैकी ३० एकके वर्गणी न देणाऱ्या देशांच्या जहाजांची असतील, तर त्या ३० टक्क्यांचा भार देणाऱ्यांवर वाढवून टाकला जात नाही. तो तसाच राहतो, आणि तो सोसतो व्यवस्था चालवणारा. प्रामाणिकपणे पैसे देणाऱ्याला शेजाऱ्याच्या थकबाकीचा दंड बसत नाही, म्हणून देणारा देत राहतो. ज्यांनी कोणी हा शब्द तेथे घातला त्यांना मनुष्यस्वभाव चांगला कळत होता, असे मला वाटते.

पुण्यात सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या कोणालाही हा पेच नवीन नाही. आदर्श उपविधींनुसार वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे आणि कार्यालयाचा खर्च असे सेवाशुल्क सर्व सदनिकांवर सारखे पडते, पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर, तर दुरुस्तीचा निधी सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या प्रमाणात. एकाच इमारतीत तीन खर्चांसाठी तीन मापे, कारण प्रत्येक खर्चाचा फायदा वेगळ्या रीतीने मिळतो. तळमजल्यावरचा सभासद लिफ्टच्या पैशावरून दर वार्षिक सभेत उठतो हेही आपण पाहिलेले आहे. हिमगस्त ही वॉचमनसारखी सेवा आहे. चोर आला नाही म्हणून पगार कापता येत नाही. २००६ मध्ये ४८ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेला एकही हिमनग आला नाही, २०२१ मध्ये एक आला, आणि १९८४ मध्ये २,२०२ आले होते. पण २००६ मध्येही विमाने उडवावीच लागली, कारण ‘बर्फ नाही’ हे सांगण्यासाठीही पाहावे लागते. म्हणून हिमनगांच्या संख्येवर वर्गणी ठरवण्याची सूचना कोणी केली तर ती चुकीची आहे. खर्च पाहण्याचा आहे.

माप म्हणून टनेज कितपत योग्य आहे, हा विद्यार्थ्याने न विचारलेला पण त्याच्या प्रश्नात दडलेला मुद्दा आहे. सोलासमध्ये येणारे एकूण टनेज म्हणजे वजन नव्हे. १९६९ च्या टनेज मोजणीच्या करारानुसार जहाजाच्या बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढलेला तो अंक आहे. त्यामुळे उंच कंटेनर जहाज आणि त्याच्याइतकाच माल वाहणारा सखल टँकर यांचे टनेज वेगळे भरते. हजारो प्रवासी नेणारे जहाज आणि बावीस माणसे असलेले बल्क कॅरिअर यांच्या जीवितहानीच्या जोखमीतला फरकही त्यात येत नाही. तरीही मी टनेजच्या बाजूने आहे. मालाची किंमत दर फेरीला बदलते आणि मालक ती सांगायला राजी नसतो, प्रवाशांची संख्या त्या दिवसापुरती असते, पण टनेज प्रत्येक जहाजाच्या प्रमाणपत्रावर छापलेले असते आणि त्यावरून वाद होत नाही. मापाने वाद मिटला पाहिजे, आणि हे माप तो मिटवते. आज एआयएसमुळे, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेमुळे, कोणते जहाज त्या पट्ट्यातून गेले हे शोधणेही पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

एक उणीव मात्र खरी आहे. हिशेबात फक्त त्या पट्ट्यातून जाणारी जहाजे धरली जातात. हद्दीची रेषा पाहून, तिला बाहेरून चिकटून, पट्ट्याच्या कडेने निर्धोक निघून जाणारे जहाज त्याच माहितीचा फायदा घेते. किती दूर राहायचे हे ठाऊक असल्यामुळे त्याचे इंधन वाचते. मी कंपनीत फेऱ्यांचे हिशेब पाहत असताना हद्दीपासून किती मैल राहायचे यावर एका फेरीचे इंधन लक्षणीय कमीजास्त होत असे. त्या बचतीतला एक पैसाही गस्तीकडे जात नाही. तेलाच्या फलाटांचा प्रकार वेगळा आहे. १९९७ पासून उत्पादन करणारा ग्रँड बँक्सवरचा हायबर्निया फलाट हिमनगाची धडक सोसेल असा बांधला आहे, आणि त्याकडे येणारे हिमनग दोर टाकून ओढून नेण्याचा खर्च तेल कंपन्या स्वतः करतात.

आता दुसरा प्रश्न, सरकारांनी का द्यायचे. भारतात दीपगृहांसाठी जहाजांकडून शुल्क घेतले जाते. १९२७ च्या कायद्यापासून ते होते आणि २०२१ च्या नौवहन साहाय्यक साधनांच्या कायद्यातही ती तरतूद आहे. जहाज भारतीय बंदरात आले की टनेजप्रमाणे रक्कम भरते, आणि भरली नाही तर त्याला बंदर सोडता येत नाही. वसुलीची चावी बंदरात असते. हिमगस्तीला अशी चावी नाही. सेत-ईलहून रॉटरडॅमला जाणारे जहाज गस्त चालवणाऱ्या अमेरिकेच्या एकाही बंदराला शिवत नाही. खुल्या समुद्रावर कोणत्याही देशाला दुसऱ्याच्या जहाजाकडून शुल्क वसूल करता येत नाही, आणि हद्दीची रेषा रेडिओवरून सर्वांना ऐकू जाते. ती पैसे देणाऱ्यांनाच ऐकू जावी अशी सोय करता आली असती तरी करू नये. धुक्यात बर्फाकडे चाललेल्या जहाजाचा ध्वज पाहून इशारा रोखणे हे समुद्रावरच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

विमानवाहतुकीत याच पट्ट्यावर वेगळा मार्ग काढला गेला. डेन्मार्कने ग्रीनलंडमध्ये आणि आइसलँडने अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांसाठी चालवलेल्या हवामान आणि दळणवळण सेवांचा खर्च १९५६ च्या संयुक्त वित्तव्यवस्थेच्या करारांनुसार वाटला गेला, आणि पुढे त्यातला बहुतांश विमान कंपन्यांकडून प्रत्येक ओलांडणीमागे शुल्क घेऊन वसूल होऊ लागला. तेथे प्रत्येक विमानाची नोंद नियंत्रण कक्षात आधीच होते, परवानगीशिवाय ते उडत नाही, आणि बिल कोणाला पाठवायचे हे स्पष्ट असते. जहाज मात्र कोणाची परवानगी न घेता समुद्र ओलांडते.

म्हणून ध्वजराष्ट्राला, म्हणजे जहाजाची नोंदणी ज्या देशात आहे त्याला, बिल पाठवणे हा व्यवहार्य मार्ग उरतो, आणि तो तत्त्वानेही चुकीचा नाही. ध्वजराष्ट्र जहाजाकडून नोंदणीशुल्क आणि टनेजकर घेते, त्याच्या सुरक्षेची हमी जगाला देते, तेव्हा सुरक्षेच्या सामायिक खर्चातला वाटाही त्यानेच उचलावा. माझ्या १९९४ च्या जहाजाचे उदाहरण येथे लागू पडते. पनामा त्या सतरा देशांत आहे. सोयीच्या ध्वजाखालची, म्हणजे मालकाच्या देशाऐवजी सोयीच्या दुसऱ्या देशात नोंदवलेली, जहाजे सगळीकडे फुकटेपणा करतात असा समज आहे, पण या हिशेबात पनामाचा ध्वज लावलेले जहाज मोजले जाते आणि त्याचे पैसे येतात. जपानी मालकाने पनामाला कर दिला, पनामाने वर्गणी दिली, साखळी लांब असली तरी तुटलेली नव्हती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची स्वतःची वर्गणीही मुख्यतः टनेजवर असते आणि तेथेही पनामासारखे देशच मोठे वर्गणीदार असतात. तुटते ती साखळी, जेथे ध्वजराष्ट्र कर घेते आणि वर्गणीदारांच्या यादीत येत नाही.

यादीत येणे ऐच्छिक आहे. परिशिष्टानुसार सदस्य देश आपली वर्गणी बदलू किंवा थांबवू शकतो, पण १ सप्टेंबरच्या किमान सहा महिने आधी कळवावे लागते आणि त्या तारखेपर्यंतचे देणे राहतेच. इतर इच्छुक देश नव्याने येऊ शकतात. सेवा वापरणे मात्र ऐच्छिक नाही. हंगामात त्या पट्ट्यातून जाणाऱ्या जहाजांनी हिमगस्तीच्या सेवेचा उपयोग करणे सोलासनुसार बंधनकारक आहे. वापर सक्तीचा आणि वर्गणी ऐच्छिक, या विसंगतीवर परिषदांमध्ये अनेकदा टीका ऐकली आहे. माझे मत वेगळे आहे. वर्गणी सक्तीची केली असती तर काही देशांनी वाटाघाटी लांबवल्या असत्या, आणि वापर ऐच्छिक ठेवला असता तर लोक मेले असते. दोन्हींपैकी एक सैल सोडायचे होते, त्यांनी पैसा सोडला. त्याची किंमत गेली शंभर वर्षे अमेरिकी करदाता आणि काही प्रमाणात कॅनडा देत आहेत, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एकाच देशाच्या अंदाजपत्रकावर उभी असलेली सेवा त्या देशाच्या राजकारणाबरोबर डोलू शकते, ही मला वाटणारी खरी काळजी आहे. दोन्ही महायुद्धांच्या काळात गस्त थांबली होती.

पट्ट्याच्या बाहेर काय होते याचे एक उदाहरण मी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला सांगतो. ३० जानेवारी १९५९ रोजी हान्स हेडटॉफ्ट हे नवे डॅनिश जहाज पहिल्याच फेरीच्या परतीच्या प्रवासात ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ हिमनगावर आदळले आणि ९५ माणसांसह नाहीसे झाले. ती जागा गस्तीच्या पट्ट्यात नव्हती आणि हंगामही सुरू झालेला नव्हता. जहाज नवे होते आणि बर्फाच्या समुद्रासाठीच बांधलेले होते. दुसरीकडे, हिमगस्तीचा इशारा पाळणारे एकही जहाज आजवर हिमनगावर आदळलेले नाही. उत्तर ध्रुवाकडचे मार्ग खुले होत आहेत तसे या पट्ट्याच्या सीमा आणि वाटणीचे सूत्र पुन्हा चर्चेला येईल असे मला वाटते, पण आज तेथे सामायिक खर्चाची अशी गस्त नाही.

आता तिसरा प्रश्न. भारत सोलासचा सदस्य आहे, गस्तीच्या वर्गणीदारांत नाही. भारतीय ध्वजाची जहाजे त्या पट्ट्यातून क्वचितच जातात, त्यामुळे सूत्रानुसार आपला वाटा लहानच निघेल. भारतीय जहाजाला सेवा पूर्ण मिळते, परदेशी जहाजावरच्या भारतीयालाही मिळते, त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही. तरीही भारताने वर्गणीदार व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे. मलाक्का सामुद्रधुनीतल्या नौवहनाच्या सोयींसाठी २००७ मध्ये जी सहकार्यव्यवस्था उभी राहिली, तिच्या निधीत भारताने पैसे घातले आहेत, म्हणजे तत्त्व आपल्याला मान्य आहे. अटलांटिकमध्ये आपली जहाजे थोडी असली तरी आपली माणसे थोडी नाहीत. दुसऱ्यांच्या ध्वजाखाली त्या धुक्यातून जाणाऱ्या ब्रिजवर रात्री बारा ते चारच्या वॉचला उभा असलेला तरुण बऱ्याचदा रत्नागिरीचा, केरळचा किंवा पुण्याचा असतो. ध्वजाच्या टनेजवर चालणाऱ्या सूत्रात तो कोठेच मोजला जात नाही. तो मोजण्याचा एकच मार्ग आपल्या हातात आहे, आपण होऊन यादीत जाणे.

सरकार काय करेल ते करेल, पण या विद्यार्थ्याच्या हातात आणखी एक वाटा आहे आणि त्याची वर्गणी तो पहिल्याच हंगामात देऊ शकतो. पट्ट्यात असताना दर सहा तासांनी जहाजाने आपली जागा, दिशा, वेग, दृश्यता, समुद्राच्या पाण्याचे तापमान आणि वारा हिमगस्तीला कळवावा अशी अपेक्षा असते. धोकादायक बर्फ दिसल्यास कळवणे तर बंधनकारकच आहे. जेथे विमान त्या दिवशी गेले नाही तेथल्या पाण्याचे तापमान एका जहाजाने अचूक कळवले, तर हिमनग किती वेगाने वितळतो याचे गणित सुधारते, आणि बर्फ न दिसल्याचा संदेशही हद्दीची रेषा ठरवताना कामी येतो. हे काम बहुतेक वेळा कॅडेटकडे येते. इंजिनरूममधला आकडा फोनवर विचारून जसाच्या तसा लिहायचा, मागच्या संदेशातला उतरवून काढायचा नाही. १९९४ च्या त्या दुपारी मी त्या बर्फाच्या तुकड्याची जागा, वेळ आणि पाण्याचे तापमान लिहून संदेश पाठवला, आणि दुसऱ्या दिवशीच्या फॅक्सवर त्या बाजूची रेषा थोडी बाहेर सरकलेली दिसली. ती आमच्या संदेशामुळे सरकली की विमानाने पाहिल्यामुळे, हे मला कधीच कळले नाही. आमच्या मागून तीन दिवसांनी त्याच वाटेने आमच्याच कंपनीचे दुसरे जहाज येणार होते, म्हणून नवी रेषा मी त्यांना लगेच टेलेक्सने कळवली.